ठेका हातात आहे, लिपी डोळ्यांत नाही

मोबाइलवरचे ठेक्याचे खेळ आता कुणाला नवे नाहीत. गाणे सुरू होते, पडद्याच्या वरच्या कडेपासून रंगीत पट्ट्या घसरत खाली येतात आणि तळाच्या रेघेला टेकल्या की नेमक्या त्याच क्षणी बोट मारायचे. जमले तर ‘परफेक्ट’, जरा हुकले तर ‘गुड’, पार चुकले तर ‘मिस’. सलग बरोबर येत गेले की गुण भराभर चढतात. जपानमध्ये १९९६ साली ‘पॅरापा द रॅपर’ आला, १९९८ मध्ये पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आला, २००५ मध्ये अमेरिकेतल्या ‘गिटार हीरो’ने हा प्रकार घरोघर नेला, आणि पुढे तो आपसूक मोबाइलमध्ये उतरला. आता याच सांगाड्याचा एक शहाणा उपयोग होऊ लागला आहे. घसरणाऱ्या पट्ट्यांच्या जागी पाच रेघांवरची पाश्चात्त्य नोटेशनची चिन्हे येतात आणि मूल खेळता खेळता बाख-मोझार्टचे कागद वाचायला शिकते. करमणुकीची एक चूष म्हणून याकडे बघून सोडून देऊ नये, असे मला वाटते. हा सांगाडा आपण उचलावा, आपल्या स्वरलिपीला जोडावा आणि तो सर्वांत आधी डिंगोऱ्यासारख्या गावातल्या मुलांच्या हाती द्यावा. पुण्या-मुंबईच्या मुलांना क्लास आहेत, शिक्षक आहेत. त्यांचे या खेळावाचून फारसे अडत नाही.

कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर मागे टाकून माळशेज घाटाकडे निघाले की डिंगोरे लागते. पुणे इथून शंभरेक किलोमीटर. या सगळ्या पट्ट्यात लयीचा दुष्काळ कधीच नव्हता. अखंड हरिनाम सप्ताहात हरिपाठाला उभे राहिलेले आठ-नऊ वर्षांचे पोर टाळ वाजवत पावली टाकते, पखवाजाने लय वाढवली की कुणी न सांगता स्वतःही वाढवते आणि चुकून मागे राहिले तर पुढच्या पावलाला आपणच सावरते. खाली नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे गाव. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या तिथे लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. ढोलकीवर कोणती थाप कुठे पडली पाहिजे हे ऐकून ओळखणारे श्रोते या जुन्नर तालुक्यात वाण्याच्या दुकानातही भेटतील. तेव्हा ठेक्याचा खेळ इथल्या मुलाला ठेका शिकवायला नकोच आहे. पाश्चात्त्य खेळाचा हिशेब असा की मुलाला अक्षरओळख आहे, लय यायची आहे. इथे तो हिशेब उलटा मांडावा लागेल. लय हातात आहे, कानही तयार आहे. अडते ते ऐकलेला स्वर आणि कागदावरचे चिन्ह यांची गाठ मारण्यापाशी. ती गाठ बसली नाही तर मूल आयुष्यभर ऐकून ऐकूनच वाजवत राहते, आणि समोर वाजवणारा कुणी नसला की थांबते.

शाळा ही गाठ मारू शकेल का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, शंभरावर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कायद्याचा हा आकडाच इथे आडवा येतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांच्या शाळा लहान पटाच्या. त्या शंभराच्या जवळपासही जात नाहीत. पट भरला तरी ‘कला’ या एका शब्दात चित्रकलाही येते, कागदकामही येते, आणि संगीत बहुधा प्रार्थना व स्वागतगीतापुरते उरते. गावोगाव विशारद झालेला शिक्षक नेमला जाईल ही आशा गेली कित्येक दशके आपण करतो आहोत. ती करू नये असे नाही, पण तोवर मुलांनी बसून राहावे असेही नाही.

आपल्याकडे लिपी नव्हती अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला तेव्हापासून चिजा लिहून ठेवण्याचा विचार इकडे चालू आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्षांची संगीतशाळा उभी राहिली, तिथे ते स्वतःची लिपी वापरत. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली लिपी पाठ्यपुस्तकांतून छापली. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेल्या माणसाने डोळ्यांनी वाचायच्या संगीताचा एवढा ध्यास घ्यावा, हे मला नेहमी विलक्षण वाटते. आणि मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी तर गावोगाव, संस्थानोसंस्थानी फिरून उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे अठराशे रचना स्वरलिपीसह मराठीत मांडल्या. भातखंडे १९३६ साली गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेला मूळ मजकूर केव्हाच सर्वांचा झाला आहे. खेळ बनवणाऱ्याला सर्वांत महाग पडतो तो मजकूर, आणि इथे तो फुकट, मराठीत, देवनागरीत, सोप्याकडून अवघडाकडे लावून ठेवलेला आहे.

त्या पुस्तकाचे एखादे पान जवळून पाहावे. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली चिजेचे शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. विभाग उभ्या रेघांनी पाडलेले. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू. समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना २, ३ असे आकडे. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर असतील तर त्यांना खालून एक कमान. बस, एवढेच. पाच रेघांच्या नोटेशनमध्ये मुलाला आधी रेघ मोजायची, मग स्वराचे नाव आठवायचे, मग काळाचे चिन्ह उलगडायचे, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. इथे ‘ग’ लिहिले आहे तर तो गच. दुसरीतले मूलही ते ओळखेल. अडचण असते ती ओळखण्याची नव्हे, वेळेत ओळखण्याची. आणि हेच काम ठेक्याचा खेळ इतर कुठल्याही साधनापेक्षा चांगले करतो. माणूस शिक्षक एकाच ओळीला चाळीस वेळा न कंटाळता टाळी देत बसेल, ही अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे.

मात्र परदेशी खेळ उचलून त्यात रेघांऐवजी सारेगम भरले की झाले, असे मानणारा फसेल. पहिला दोष घसरणाऱ्या चिन्हांत आहे. छापलेला कागद हलत नाही. हलते ती नजर. वाजवणारा जो स्वर वाजवतो त्याच्या पुढचे त्याने आधीच वाचलेले असते. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाजवताना मध्येच कागद दिसेनासा केला तरी तरबेज वाचक पुढचे सात स्वरांपर्यंत वाजवू शकत असल्याचे आढळले. कच्च्यांना तीन-चारच साधत. चिन्ह तळाच्या रेघेला येईपर्यंत वाट बघायला लावणारा खेळ नेमकी ही पुढे बघण्याची सवय मारतो. तेव्हा ओळ पडद्यावर स्थिर हवी आणि पुढे सरकत जाणारी खूण हळूहळू पुसट होत शेवटी नाहीशी व्हायला हवी.

दुसरा दोष अधिक मुळातला. पाश्चात्त्य ठेक्याच्या खेळात काळ सरळ रेषेत पुढे जातो. आपला ताल आवर्तनाचा आहे. त्रितालातल्या मध्यलयीच्या कितीतरी चिजा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात आणि आठ मात्रांनी समेवर येतात. मूल पहिल्या स्वरापासून ‘एक, दोन’ मोजायला लागले तर चीज अख्खी उलटी बसते. रूपकात तर पहिलीच मात्रा खालीची, तीच सम. पहिल्या ठोक्यावर जोर द्यायला शिकवलेला खेळ तिथे तोंडघशी पडेल. मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती गुण देण्याची रीत. प्रत्येक स्वर मिलिसेकंदाच्या काटेकोरपणाने तपासणे म्हणजे गाणाऱ्याला टाइपरायटर करणे आहे. आपल्याकडे मधल्या मात्रांत जरा मागेपुढे झालेले चालते, किंबहुना तिथेच गंमत असते. समेला मात्र कुणी क्षमा करत नाही. मधे सैल आणि समेला कडक, असा गुणांचा हिशेब ठेवला तर खेळ आपोआप तालाच्या स्वभावाला धरून चालेल. आणि इथे एक कोरडी तांत्रिक गोष्टही लक्षात ठेवावी लागते. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. कानात घालायच्या बिनतारी ब्लूटूथ यंत्रातून आवाज पोचायला अनेकदा दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. मुलाने अचूक बोट मारले तरी यंत्र त्याला ‘चुकले’ म्हणेल, आणि मूल यंत्रावर विश्वास ठेवील. खेळाने आधी हा उशीर मोजून घेतला पाहिजे, नाहीतर त्याने फोनच्या स्पीकरपुरतेच राहावे.

आता आक्षेप. सर्वांत जुना आणि सर्वांत आदराने ऐकून घ्यावा असा आक्षेप गुरुमुखी विद्येचा. दरबारीतला कोमल गंधार कागदावर कसा उतरवणार? लिपीत तो ‘ग’खाली एक रेघ एवढाच दिसतो, त्याचे आंदोलन गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते. मींडेची कमान कुठून कुठे जायचे ते सांगते, कसे जायचे ते सांगत नाही. हे सगळे खरेच आहे. पण ही गोष्ट पलुसकरांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे अगदी पारंपरिक पद्धतीने शिकलेला तो शिष्य, आणि तरीही त्याने पुस्तके छापली. कारण लिपीचे काम गुरूची जागा घेण्याचे नव्हतेच. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या शिक्षकाचा अर्धा तास चिजेची चौकट डोक्यात घालण्यात जाऊ नये, तो आंदोलनासाठी राहावा, हा तिचा उपयोग. ज्याला गुरू रोज लाभतो त्याला कागद नसला तरी चालते. डिंगोऱ्यातल्या मुलीला तो महिन्यातून एकदा लाभला तरी नशीब. त्या भेटीला ती वाचता येणारी म्हणून गेली तर भेटीचे चीज होईल. खेळाने मात्र आपली पायरी ओळखावी. आंदोलित स्वर आला की ‘परफेक्ट’चा शिक्का मारू नये, तिथे गुणच देऊ नयेत आणि हे गुरूकडून घे असे स्पष्ट सांगावे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा, आणि खरे तर पहिल्यापेक्षा अवघड. यूट्यूबवर सगळे ऐकायला मिळते तर वाचायचे कशाला? बंदिशीची पंधरा ध्वनिमुद्रणे एका बोटावर आहेत. ऐकावीच, भरपूर ऐकावीत. पण ध्वनिमुद्रण हे एका कलावंताचे त्या दिवशीचे पक्के झालेले गाणे असते; शिकणारा चिजेबरोबर त्याच्या लकबीही उचलतो आणि पुढे त्या सुटता सुटत नाहीत. कागद त्याला उघडा सांगाडा देतो, त्यावर मांस ज्याचे त्याने भरायचे. शिवाय वाचता येण्याने काय घडते याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. त्या वाचनाच्या बळावर गोमंतकीय वादक पोलिसांच्या आणि लष्कराच्या बँडमध्ये गेले, बोटींवर गेले आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी मुंबईत वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावले. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा मुंबईतल्या किती वादकांना नोटेशन शिकवत, हे चित्रपटसंगीताचा इतिहास जाणणाऱ्यांना माहीत आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगे, संयोजक ती लिहून काढी, आणि कधी न भेटलेले पन्नास-साठ वादक तो कागद समोर ठेवून त्याच दिवशी ती वाजवत. नुसत्या कानाने एवढ्या माणसांची एवढ्या झटपट मोट बांधता आली नसती.

यावर कुणी म्हणेल, ती पाश्चात्त्य शिस्त झाली, खेड्यातल्या सामान्य माणसाला वाचन पेलत नाही. त्याला मिझोरामकडे बोट दाखवावे. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमधले गायकवृंद चार आवाजांत गातात, आणि त्यांच्या स्तोत्रांची पुस्तके टॉनिक सॉल्फा नावाच्या लिपीत छापलेली असतात. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेनने इंग्लंडमध्ये ती गिरणी-कामगारांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती दिली, मिशनऱ्यांनी ती डोंगरात नेली. ती रेघांची नाही, अक्षरांची लिपी आहे; भातखंड्यांच्या लिपीची जवळची नातलगच म्हणा. डोंगरातला शेतकरी रविवारी ती वाचून गातो. त्याने त्याचा कान बिघडला असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

फोनचे व्यसन लागेल हा पालकांचा आक्षेप मी हलका मानत नाही. फुकट खेळांमागे जाहिरातींचा धंदा असतो. रोज आले नाही तर साखळी तुटल्याची भीती घालणे, पुढच्या पायरीसाठी पैसे मागणे, मधूनच बक्षिसाचे आमिष दाखवणे, या सगळ्या युक्त्या मुलाला पडद्याला चिकटवण्यासाठीच शोधलेल्या आहेत. संगीत शिकवण्याच्या नावाखाली त्या आत आल्या तर पालकांनी तो खेळ खुशाल काढून टाकावा. म्हणूनच हे काम बाजारावर सोडू नये असे मला वाटते. खेळ शाळेच्या टॅबवर किंवा घरच्या साध्या अँड्रॉइड फोनवर, नेटशिवाय चालावा. एका वेळी एक चीज, दहा-पंधरा मिनिटे, आणि धडा संपला की खेळही संपावा. पुस्तकाला शेवटचे पान असते, तसा शेवट खेळालाही हवा.

असे काही बनवायला मराठी माणसांत हुन्नर नाही, असेही नाही. पुण्याचे गायक आणि संगणकतज्ज्ञ संदीप रानडे यांनी केलेले ‘नादसाधना’ हे ॲप गाणाऱ्याचा सूर ऐकून त्याला साथ करते. २०२१ मध्ये त्याला ॲपलचे डिझाइन पारितोषिक मिळाले. ते चालते ॲपलच्या यंत्रांवर. सुराची पारख करणारे एवढे अवघड यंत्र पुण्यात घडू शकते, तर स्वरलिपी वाचायला लावणारा त्यापेक्षा कितीतरी सोपा खेळ स्वस्त फोनसाठी का घडू नये? बालभारती, राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ यांपैकी एकाने जरी मनावर घेतले तरी पुरे. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण सरकार देतेच. ते गुण शहरी क्लासच्या मुलांकडेच अधिक जात असतील, तर गावातल्या मुलाला त्या परीक्षेपर्यंत पोचवण्याचा खर्चही सरकारने उचलावा, ही मागणी वावगी नाही.

एक किचकट प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. आपल्याकडे आज चालणाऱ्या लिप्या दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. डोक्यावरचा बिंदू भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवतो आणि पलुसकर पद्धतीत मंद्र. शून्य एकीकडे खाली, दुसरीकडे अर्धी मात्रा. समेला तिकडे १ हा आकडा, खालीला अधिकाचे चिन्ह. परीक्षांच्या अभ्यासक्रमात दोन्हींची ओळख मागतात, म्हणून मुले दोन्ही अर्धवट पाठ करतात. माझे मत भातखंड्यांच्या बाजूने आहे, ते छापील साहित्य अफाट आहे एवढ्याच कारणासाठी. पलुसकरांची लिपी मात्रेच्या तुकड्यांबाबत अधिक नेमकी आहे हे मान्य करूनही. खेळाने पहिले वर्ष एकाच लिपीत काढावे. ‘क्रमिक’च्या पहिल्या भागात दहा थाटांचे दहा आश्रयराग आहेत, यमनपासून तोडीपर्यंत, प्रत्येकाची एक स्वरमालिका घेतली तरी वर्षभर पुरेल एवढा मजकूर होतो. दुसरी लिपी नंतर, एका बटणावर. आणि पहिला नमुना तयार झाला की तो पुण्यातल्या सभागृहात तज्ज्ञांपुढे मांडण्याआधी नारायणगावला राहुटीत नेऊन ढोलकीवाल्यांपुढे ठेवावा. सम एका केसाने जरी चुकली असेल, तर अहवालाची वाट न बघता तेच आधी सांगतील.